अब्बांच्या खोलीतला उजेड

लकव्याचा झटका येऊन अब्बांची उजवी बाजू अधू झाली, तेव्हापासून त्यांची खुर्ची पुढच्या खोलीतल्या खिडकीपाशी कायमची मांडली गेली. अब्बांनी उमेदीची २८ वर्षं जहाजावर काढली. आधी खलाशी म्हणून, मग सारंग म्हणून. आणि आता खिडकीतून दिसतो तो शेजाऱ्यांचा फणस आणि त्यांची पाण्याची काळी टाकी. रत्नागिरीत राहूनही आमच्या घरातून समुद्र दिसत नाही. भाट्याच्या किनाऱ्यावर रिक्षाने नेलं तर उतरवायला दोन माणसं लागतात आणि वाळूत व्हीलचेअरचं चाक फिरत नाही. चार-पाच वेळा नेलं. पुढच्या वेळी त्यांनीच मान हलवली.

नववीतल्या थोरल्याने यावर तोड काढली. "दादाजानना समुद्राकडे नेता येत नाही ना? मग समुद्र घरात आणू." म्हणजे खाऱ्या पाण्याचा फिश टँक. तोही नुसत्या माशांचा नाही, पोवळ्यांचा. दादाजान जेद्द्याच्या बंदरात असताना बोटीवरून तळातली पोवळी दिसायची, ही गोष्ट त्याने लहानपणापासून शंभर वेळा ऐकलेली.

आम्ही आधी नाहीच म्हटलं. इथे 'आम्ही' म्हणजे नवराबायको दोघं; अब्बांच्या खोलीतला कुठलाच निर्णय आमच्या घरात एकट्याने होत नाही. खर्चाची भीती होती. त्याहून मोठी भीती म्हणजे मुक्या जिवांची जबाबदारी. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आम्ही वर्गात मुलांना सांगतो, आणि घरी मासे कोंडायचे? थोरल्याने जुम्म्याच्या नमाजनंतर मौलानांनाच गाठलं. मौलाना हसले आणि त्यांनी अबू उमैर यांची आठवण काढली. हजरत अनस यांचा हा धाकटा भाऊ. त्याच्याकडे एक लहानसा पक्षी होता, तो मेला तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्या लहानग्याची मायेने विचारपूस केली. तबरिस्तानचे शाफई विद्वान इब्नुल कास यांनी या एका हदीसमधून साठेक मुद्दे काढून स्वतंत्र पुस्तिका लिहिली आहे, हेही मौलानांनी सांगितलं. आम्ही कोकणातले शाफई, त्यामुळे थोरल्याची मान जरा ताठ झाली. पण मौलानांनी पुढे बोट उचलून अट घातली: खाणं, पाणी आणि राहण्याची नीट सोय, यात कसूर नको. आणि इस्राफ नको.

दुसरी अट आम्ही मोडली, ती दिव्यापायी.

टाकी घेतली तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. हिशेबाने १९० लिटर पाणी, म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन दोनशे किलोच्या आसपास. लाकडी टेबल टिकणार नाही म्हणून गवंड्याकडून विटांचे दोन खांब बांधून वर कडप्पा टाकला. किनाऱ्यावरून पाणी भरून आणायचं नाही, हे लवकर कळलं. मिरकरवाड्याचं पाणी डिझेलचं, आणि पावसाळ्यात कुठलंही पाणी गढूळ आणि अळणी. आरओचं पाणी आणि विकतचं समुद्री मीठ, लिटरला साधारण ३५ ग्रॅम. मग पाच आठवडे नुसतं थांबायचं. या काळात पाण्यात जिवाणू वाढतात आणि माशांच्या मलमूत्रातला विषारी अमोनिया आधी नायट्राइट, मग नायट्रेट करून टाकण्याची तयारी होते. या कामाला दिवा लागत नाही, अंधारातही चालतं. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी तेव्हाच बजावलं होतं, "आत कोण राहणार हे ठरेपर्यंत दिवा घेऊ नका." उर्दू-मराठी शिकवणाऱ्या माणसांना वाटतं, दिवा म्हणजे दिवा. त्यात काय ठरवायचं?

मे महिन्यात मुंबईला गेलो असताना एका दुकानात शिरलो. दुकानाचं नाव घेत नाही. आत अंधार आणि ओळीने टाक्या, प्रत्येकीवर निळाजांभळा उजेड. त्या उजेडात पोवळी अशी चमकत होती की थोरला श्वास घ्यायचा विसरला. खरं सांगायचं तर आम्हीही. दुकानदाराने १६५ वॅटचा एलईडी दिवा दाखवला. निळ्याची बटणं वेगळी, पांढऱ्याची वेगळी. किंमत १८ हजार. "पोवळी ठेवायची तर याच्या खालचं काही चालणार नाही," तो म्हणाला. मग आवाज उतरवून, "जिवंत तुकडा पुढच्या महिन्यात पार्सलने पाठवतो. बिल नको मागू." आवाज का उतरवला, हा प्रश्न आम्ही विचारला नाही. थोरल्याने दोन वर्षांची ईदी आणि वक्तृत्व स्पर्धेचं बक्षीस मिळून चार हजार काढून दिले. उरलेले आम्ही घातले, भिशीचे.

घरी आल्यावर सरांच्या ओळखीच्या एका पाळणाऱ्याकडून दोन नारिंगी क्लाऊन मासे, ज्यांना मुलं निमो म्हणतात, आणि एक लखलखीत निळा डॅमसेल आणला. निमो निदान टाकीतच जन्मलेले होते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीची पद्धत बसवली आहे, त्यामुळे असे मासे समुद्रातून न पकडता मिळू शकतात. डॅमसेल पहिल्याच दिवशी निमोंवर धावून गेला. तो अजूनही तसाच आहे.

मगरिबनंतर खोलीतला बल्ब बंद केला, अब्बांची खुर्ची टाकीकडे वळवली आणि थोरल्याने दिवा लावला. भिंतीवर निळ्या लाटा हलायला लागल्या. धाकटीने टाळ्या पिटल्या. अब्बा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "अरे, बत्ती लावा की."

"लावलीये दादाजान."

"कुठे लावलीस? काळोख आहे नुसता."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. गेल्या काही महिन्यांत असं बरंच घडलं होतं. पाण्याचा ग्लास तोंडापर्यंत नेताना सांडायचा, तस्बीह समोर असताना ते ती चाचपडत शोधायचे, भाच्याला त्यांनी पुतण्या म्हणून हाक मारली. प्रत्येक वेळी आम्ही म्हणायचो, लकव्यानंतर असंच होतं, मेंदूवर परिणाम आहे. या वेळीही तेच म्हटलं, आणि तेही त्यांच्यासमोर, जरा मोठ्याने. दुसऱ्या दिवशी अब्बांनी खुर्ची पुन्हा खिडकीकडे करून घेतली.

थोरला आठवडाभर धड जेवला नाही.

इकडे टाकीतही बिघडत होतं. पंधरा दिवसांत काचेवर आधी तपकिरी, मग हिरवा थर चढला. वाळूवर केसांसारखं शेवाळ आलं. निमो दिवसभर खडकामागे लपलेले. सर घरी आले, दिवा बघून कपाळावर हात मारला आणि चहा थंड होईपर्यंत आम्हाला शिकवत बसले. बी.एड.ला आम्हाला घोकून घेतलं होतं, ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावं. सरांनी तसंच केलं. म्हणाले, समुद्रात वरून खाली जाताना उन्हाचे रंग एकेक करून गळतात. लाल पहिल्या काही मीटरांतच संपतो, मग नारिंगी, पिवळा. निळा सगळ्यात खोल जातो. सूरह नूरमध्ये खोल समुद्रातल्या थरांवर थर असलेल्या अंधाराचा दृष्टांत आहे, तो आम्हाला तिथेच आठवला.

पोवळं हे झाड नव्हे, प्राणी. पण त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं आणि उन्हावर अन्न बनवून पोवळ्याला पोसतं. म्हणून पोवळ्याला दिवा म्हणजे भाकरी. त्या शैवालाला निळा उजेड मानवतो, म्हणून पोवळ्यांचे दिवे निळे. दिव्यावर केल्विनचा आकडा असतो. जुन्या पिवळ्या बल्बचा २७०० च्या घरात, ढगाळ दुपारच्या पांढऱ्या उजेडाचा ६५०० च्या आसपास, आणि पोवळ्यांच्या दिव्यांचा १४ हजार ते २० हजार. आकडा चढेल तसा उजेड निळा. ल्युमेनच्या आकड्यावर मात्र या कामात जाऊ नये. ल्युमेन माणसाच्या डोळ्याला किती उजळ वाटतं ते मोजतो, आणि आपल्या डोळ्याला हिरवट-पिवळा सर्वात उजळ वाटतो. पोवळ्याला काय मिळतं ते मोजायचं तर पार नावाचं वेगळं माप आहे. भर दुपारच्या उन्हात ते दोन हजारांच्या आसपास भरतं. फांद्यांची दगडी पोवळी पाळणारे २०० ते ३५० धरतात. आमचा दिवा तेवढं देणारा होता.

"आणि माशांना?" थोरल्याने विचारलं.

"माशांना दिवस आणि रात्र कळली की पुरे. बाकी दिवा तुमच्या बघण्यासाठी. तुम्ही भाकरी वाढून ठेवलीत, पण जेवणारं पोवळं आत नाही. मग जेवणार कोण? शेवाळ."

पोवळ्याचं पार्सल येणार आहे, असं थोरला पुटपुटला. सरांचा चेहरा उतरला. भारतात सगळी दगडी पोवळी, काळी पोवळी, अग्निपोवळी आणि समुद्रपंखे यांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूचीत २००१ साली घातलं आहे. परवानगीशिवाय जवळ बाळगणंही गुन्हा. वाघाच्या कातड्यासारखंच. मालवणजवळच्या समुद्रात पोवळी आहेत, आणि तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. दुकानदाराचा उतरलेला आवाज आम्हाला आत्ता ऐकू आला. सूरह रहमानमध्ये ज्या मरजानचा उल्लेख आहे त्याचा अर्थ आमच्या वर्गात आम्ही 'पोवळं' असा सांगतो, काही मुफस्सिर बारीक मोती असाही घेतात. अल्लाहच्या देणग्यांमध्ये गणलेली वस्तू चोरून, बिलाशिवाय आणायला निघालो होतो. त्याच रात्री फोन करून पार्सल रद्द केलं.

थोरला रडला. रागाने म्हणाला, "मग दादाजानना काय दाखवू? काळोखच?" त्याला द्यायला आमच्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर त्यानेच काढलं, आणि खरं तर चुकून. एका रात्री दिवे गेले. तो मोबाइलचा टॉर्च घेऊन मासे जिवंत आहेत का ते बघत होता. एअर पंपाला बॅटरी लावायची होती. टॉर्चचा पांढरा झोत समोरच्या काचेतून आत गेला. अंधारातून अब्बांचा आवाज आला, "दोन नारिंगी हाय. आणि तो तिसरा काळा, खडकाच्या डाव्या अंगाला."

आम्ही स्वयंपाकघरातून धावत आलो. मोजणी बरोबर होती, जागा बरोबर होती. ज्या माणसाच्या मेंदूवर परिणाम झाला असं आम्ही सहा महिने म्हणत होतो, त्याने मासे मोजले होते. चूक एकच, निळ्याला काळा म्हटलं. मग आठवडाभर थोरल्याने वहीत कोष्टक मांडलं. निळा दिवा: दिसत नाही. पिवळा बल्ब: मासे दिसतात, पाणी 'चहासारखं'. जिन्यातली पांढरी ट्यूब काढून वर धरली: सगळ्यात छान. ट्यूब टाकीच्या मागच्या कडेला ठेवली तर मासे सावलीसारखे. पुढच्या कडेला आणली तर उजेड माशांच्या बघणाऱ्याकडच्या अंगावर पडतो, खवलं न् खवलं दिसतं. ही पुढच्या कडेची गोष्ट कुठल्या दुकानदाराने आम्हाला सांगितली नव्हती.

ती वही घेऊनच आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, डोळ्यातलं भिंग वयाने पिवळं, मग तपकिरी होत जातं, आणि पिवळं भिंग सगळ्यात आधी निळा उजेड अडवतं. "यांना निळ्या दिव्याखाली बसवलंत म्हणजे बंद दरवाजाबाहेरून सलाम केलात." घरी येऊन आम्ही शाळेच्या स्नेहसंमेलनातले जिलेटीन कागद काढले. स्टेजच्या दिव्यांवर लावतो ते. पिवळ्या कागदाच्या चार घड्या डोळ्यांवर धरून निळ्या दिव्यातला टँक पाहिला. काळोख. नुसता काळोख. धाकटी म्हणाली, "दादाजान बरोबर बोलत होते." आम्ही दोघांनी अब्बांची माफी मागितली. त्यांनी हात उडवून म्हटलं, "बत्ती बदला आधी."

बदलली. १८ हजारांचा दिवा दुकानदार परत घेईना. शेवटी दुसऱ्या एकाने नऊ हजारांना नेला. नऊ हजारांचं नुकसान, आणि त्यात थोरल्याची ईदी. ती आम्ही थोडी-थोडी करून त्याला परत करतो आहोत, तो नको म्हणतो तरी. नवा दिवा म्हणजे २० वॅटची, ६५०० केल्विनची, पाणी न शिरणारी एलईडी पट्टी, हार्डवेअरच्या दुकानातली. जुना दिवा दहा तास लावला तर महिन्याला जवळपास ५० युनिट खायचा, ही आठ तासांना पाचेक युनिट. आठ तासच ठेवतो. शेवाळ महिन्याभरात ओसरलं. निमो बाहेर आले.

ज्यांना असा टँक ठेवायचा असेल त्यांच्यासाठी वीज आणि खारं पाणी यांबद्दल दोन शब्द, कारण यात चूक झाली तर दुरुस्त करायला माणूस उरत नाही. बुडबुड्यांतून मिठाचे तुषार उडतात आणि दिव्यावर, पिनांवर पांढरी साय धरते. मीठ वीज वाहून नेतं. म्हणून दिवा आणि पाणी यांच्यामध्ये काचेचं झाकण हवं, ते दर आठवड्याला गोड्या पाण्याने पुसायचं, नाहीतर मिठाने निम्मा उजेड अडतो. प्लगकडे जाणारी वायर आधी प्लगच्या खाली झोळीसारखी सोडून मग वर न्यायची, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी खालीच ठिबकतं. आणि वायरमनकडून ३० मिलीअँपिअरचं ईएलसीबी बसवून घ्यायचं. आमच्याकडे ते नव्हतं. सरांनी पाहिल्या पाहिल्या मेन बंद केला होता. आणखी एक: पाणी आटतं, मीठ आटत नाही. कमी झालेलं पाणी गोड्या पाण्यानेच भरायचं.

रमजानमध्ये एक अडचण आली. सेहरीला उठलं की धाकटी पळत जाऊन टँकचा दिवा लावायची आणि मासे दचकून काचेवर आपटायचे. अंधारातून एकदम लख्ख उजेड त्यांना सोसत नाही. आता टायमर लावला आहे. सेहरीला फक्त स्वयंपाकघरातला दिवा, त्याची तिरीप पुढच्या खोलीत येते तेवढी. मासे हळूहळू जागे होतात, आणि अब्बाही.

शव्वालमध्ये डॉक्टरांनी आणि लकव्याच्या डॉक्टरांनीही होकार दिला आणि अब्बांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. अल्हम्दुलिल्लाह, सगळं नीट पार पडलं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढून, हिरवा चष्मा देऊन घरी सोडलं. उन्हातून आल्यावर चष्मा काढून ते खुर्चीत बसले. टँकची पट्टी चालू होती. खोलीत आम्ही सगळेच होतो, आणि कोणी काही विचारत नव्हतं.

अब्बा काचेजवळ वाकले. डाव्या हाताचं बोट डॅमसेलच्या मागे मागे फिरवत राहिले. मग थोरल्याकडे वळून जरा रागानेच म्हणाले, "हा निळा कधी आणलास? आणि तो काळा कुठे गेला?"